सोमवारची हजेरी

घाटात तीन ट्रकचालकांचे खून झाले, तेव्हा पायथ्याच्या पंक्चरवाल्या गजेंद्रचं नाव संशयितांच्या यादीत आलं. खुनी काही सापडेना. चार वर्षं गजेंद्र दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी लावत होता. समोर रजिस्टर घेऊन कॉन्स्टेबल वैजयंता बसलेली असायची.

आज रखडलेला डीएनए अहवाल आला. तो गजेंद्रशी जुळला नाही.

“सुटलात तुम्ही! आता इथं यायचं नाही,” वैजयंता म्हणाली.

गजेंद्रला हायसं वाटलं, तरी त्याचा पाय दारात अडखळला. “मग सोमवारी मी करू काय?”

“आमच्या घरी या. आईला तुम्हाला बघायचंय.”

“मी संशयित होतो, हे त्यांना माहीत आहे?”

“संशय साहेबांना होता,” ती लाजून हसली. “मला असता, तर चार वर्षं आलेली स्थळं कशाला नाकारली असती?”