खुर्ची खिडकीजवळ आहे

"अहो, त्या एमआरआयच्या मशीनमध्ये हलायचं नाही हं," लतिकाबाईंनी तिसऱ्यांदा बजावलं.

"नाही हलत गं," दिगंबरराव म्हणाले आणि घड्याळ, अंगठी, किल्ल्या काढून ट्रेमध्ये ठेवू लागले.

ऐकलंत? 'नाही हलत गं.' त्यात ना राग, ना लाड. दोन हजार सहाच्या जानेवारीपासून हे असंच चाललं होतं. बत्तीस वर्षांचा संसार, त्यातली चोवीस वर्षं अमेरिकेत, न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये, आणि आता नवरा घरात स्टेशनवरच्या अनाउन्समेंटसारखा बोलत होता. बर्फ उपसताना लतिकाबाईंचा डावा हात दिवसभर बधिर पडला, तेव्हासुद्धा स्वारी काय म्हणाली? "जरा पड, मी चहा करतो." केला चहा, नाही कशाला म्हणा! पण आवाजात काळजीचा टिपूस नाही. बाईंना ते फार लागलं होतं.

मुलगी सई तिकडे टेक्सासात, प्लेनोला. तिला फोनवर सांगावं, तर ती बापाच्या वरताण. "आई, ही इज फाइन," एवढंच, तेही कोरडं ठक्क.

बाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. यांच्या डोक्यात काही बिघाड निघाला, तर जन्मभर सेवा करायची. आणि काहीच निघालं नाही, तर या माणसाचं आपल्यावरून मनच उडालंय. मग अशा घरात राहायचं नाही, सरळ सईकडे निघून जायचं, कायमचं. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

सावनी पुण्याहून पीएचडीला आलेली. आवाजातले रागलोभ मेंदूत कुठे उमटतात, हा तिचा अभ्यास. महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याच्या जेवणात ती पंगतीत शेजारी बसली, विषय निघाला, आणि बाईंनी श्रीखंड संपायच्या आत तिच्या प्रयोगासाठी यांचं नाव देऊन टाकलं.

"सोपं आहे, काका," सावनी आता समजावत होती. "हेडफोनमधून एकच वाक्य येणार. खुर्ची खिडकीजवळ आहे. कधी रागाने, कधी आनंदाने, कधी रडवेलं, कधी साधं. तुम्ही ओळखून फक्त बटण दाबायचं. काकू, तुम्ही पण द्याल ना टेस्ट? प्रत्येकाच्या जोडीला त्याच वयाचा एक निरोगी माणूस लागतो, कम्पेअर करायला. आणि इथे मराठी बोलणारं माणूस शोधून सापडत नाही."

"देते की. मला काय धाड भरलीय!" बाई म्हणाल्या.

दोघांचंही पाळीपाळीने मशीनमध्ये जाऊन आटपलं. दिगंबरराव बाहेर येऊन "मजा आली" म्हणाले, तेही पाटी वाचल्यासारखं. बाईंनी कपाळाला हात लावला.

"आणि ते वाक्य बोलणाऱ्या तुमच्या मुलांना जरा अभिनय शिकवा गं," त्या सावनीला म्हणाल्या. "खुर्ची नि खिडकी, खुर्ची नि खिडकी. जांभया आल्या मला."

सावनी हसली आणि तिने दोघांना पार्किंगपर्यंत सोडलं.

आठ दिवसांनी तिने दोघांना परत बोलावलं. दिगंबरराव गाडी लावायला गेले. बाईंना दम कुठला! त्या एकट्याच वर गेल्या. सावनीसमोर स्क्रीनवर मेंदूचा फोटो होता.

"काय निघालं? स्पष्ट सांग."

"बसा ना, काकू. काकांनाही येऊ दे."

"ते येतील. आधी मला सांग. काही आहे की नाही?"

सावनीने स्क्रीनवर बोट ठेवलं. "आहे. हा उजवीकडचा छोटासा डाग. आमच्या डॉक्टरांनीही बघितलाय. दोन-तीन महिन्यांपूर्वी बारीकसा स्ट्रोक येऊन गेलाय, कुणाच्या लक्षातही आला नसेल. यात शब्द सगळे कळतात. पण आवाजातली माया, राग, काळजी आत पोचतच नाही. सगळं सपाट ऐकू येतं."

बाईंनी खुर्चीत अंग टाकलं आणि त्यांना रडू फुटलं. देवा रे! म्हणजे मन उडालं नव्हतं. जे कानातून आत जात नाही, ते तोंडातून बाहेर कुठून येणार! बिचारा माणूस. तीन महिने आपण मनातल्या मनात त्याचा उद्धार केला, आणि तो आजारी होता. छातीवरचा धोंडा उतरला. आता कुठलं प्लेनो नि कुठलं काय! संध्याकाळी यांच्या आवडीचं भरलं वांगं करायचं, त्यांनी ते मुकाट्याने खाल्लं तरी चालेल.

"बरं होतं ना गं हे?"

"पुष्कळ सुधारतं. पण औषधं लगेच सुरू करायला हवीत. मी आजचीच अपॉइंटमेंट घेतलीय."

"मी करीन सगळं. पथ्य, औषधं, व्यायाम. मला काही जड नाही. आणि रडतेय म्हणून घाबरू नकोस, आनंदाने रडतेय मी."

सावनीला काही कळेना. तेवढ्यात दिगंबरराव दारात आले. बाईंनी उठून त्यांचा हात घट्ट धरला.

"अहो, तुमचं काही चुकलं नाही हो. डोक्यात डाग निघालाय. मी आहे ना, काळजी करू नका!"

दिगंबररावांनी बायकोकडे पाहिलं, मग सावनीकडे. सावनी उठली आणि तिने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"काकू, काकांचा स्कॅन अगदी स्वच्छ आहे. हा फोटो तुमचा आहे."