समोरचं दार

तासभर झटूनही हेरंबच्या दारावरची माळ अर्धीच पेटत होती. "माळेशिवाय दिवाळी कसली!" तो बायकोवर करवादला. ते ऐकून समोरच्या दारातले टिपणीसकाका टेस्टर घेऊन आले आणि निमूटपणे एकेक बल्ब चाचपू लागले. विसाव्या बल्बापाशी त्यांनी सुटलेली तार जोडली. दार झगमगलं.

"वा! काका, आता तुमचं दार. माझ्याकडे एक माळ पडूनच आहे."

"यंदा नको रे. पुढच्या वर्षी."

बायकोने दंड घट्ट धरला, तेव्हा कुठे हेरंबला आठवलं. श्रावणात काकूंना त्यानेही खांदा दिला होता.

मान खाली घालून त्याने बटणाकडे हात नेला.

"राहू दे," काका टेस्टर खिशात ठेवत म्हणाले, "आमच्या उंबऱ्यापर्यंत उजेड येतोय."