कलम तीन

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कॉलेजात अभिरूप विधानसभा भरली होती आणि अनुजा चौगुले मुख्यमंत्र्यांच्या वेतनाचं विधेयक तावातावानं वाचत होती. "कलम तीन. मुख्यमंत्र्यांनी राजधानीतल्या सरकारी बंगल्यातच राहावं. एक रात्र बाहेर काढली, तर त्या महिन्याचा पगार बंद!" बाकं वाजली. विरोधी बाकावरनं सम्राट उठला. "राहतोय ह्याचा दाखला कोण देणार?" "सरपंचाकडनं आणतील की!" मागनं कुणीतरी ओरडलं आणि सभागृह हसलं. अनुजाला हसू आलं नाही. विधेयक लिहायला सकाळी घाईत तिनं आईच्या पिशवीतला पाठकोरा कागद ओढला होता, तो कसला होता ते तिला आत्ता आठवलं. मागच्या बाजूला, घरभाडं भत्ता बंद होऊ नये म्हणून आणलेला, सरपंचांच्या शिक्क्याचा दाखला होता: शिक्षिका सौ. चौगुले शाळेच्या गावीच राहतात. आई तर रोज पहाटेची एसटी धरून कोल्हापुरातनं साठ किलोमीटर जायची. "चौगुले, विधेयक आणा इकडं," परीक्षक म्हणाले. ते आईच्याच तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी होते. तिनं हात मागं घेतला, तोवर शिपायानं कागद नेलाही. साहेबांनी तो वाचला, उलटा केला, पुन्हा वाचला. त्यांनी शिक्का आत जाईल अशी घडी घातली आणि तिला जवळ बोलावलं. "हे आईला दे. आणि ते कलम तीन तेवढं काढून टाक, बाळ," ते हळूच म्हणाले. "माझंबी ऑफिस तिकडं हाय आणि घर हितं, नवव्या गल्लीत."