लेओंस बार्बरूचा शब्द

चार-चार गुण झाले होते आणि नेमकं तेव्हाच आशील रूमेगाच्या तलवारीचं पातं मोडलं. टोकाकडचा वीतभर तुकडा उडाला आणि पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या टोपीत जाऊन रुतला. बाई तो शेवटपर्यंत पिसासारखा मिरवत बसल्या. उरलेलं पातं मात्र थांबलं नाही. लेओंस बार्बरूच्या उजव्या काखेखाली, जिथे जाकिटाचं कापड एकेरी असतं, तिथे ते चार बोटं आत गेलं आणि परत आलं. हे दोघांनाच कळलं. ज्याच्या हातात मूठ होती त्याला, आणि ज्याच्या अंगात पातं होतं त्याला.

"थांबा," मुख्य पंच कर्नल साबातिये म्हणाले.

तुलूझच्या सभागृहात हजारभर माणसं पुढे वाकली. पातं लागलं असेल तर पाचवा गुण रूमेगाचा आणि फ्रान्सचं अजिंक्यपदही त्याचंच. नसेल लागलं तर खेळ पुढे चालू. चार कोपऱ्यांतल्या चार पंचांनी खांदे उडवले. दिवे लावून गुण दाखवणारी यंत्रं तेव्हा आली नव्हती. तेव्हा एकच रीत होती. ज्याला लागलं त्याने स्वतः सांगायचं, "लागलं." मारणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. मारणारा बोलला तर त्याला गावातली पोरंसुद्धा हसत.

या रीतीवर लेओंस अकरा वेळा अजिंक्य झाला होता. दर सामन्यात सुरुवातीलाच, गुण स्वस्त असताना, तो एकदा छातीवर हात ठेवून म्हणायचा, "कर्नलसाहेब, लागलं मला." पंचांना काही दिसलेलं नसायचं, कारण काही लागलेलंच नसायचं. बायका डोळे पुसायच्या. बोर्दोला तर समोरचा अजून बुटाची नाडी बांधत होता, तेवढ्यात हा "लागलं" म्हणून मोकळा झाला, असं शपथेवर सांगणारे अजून भेटतात. मग शेवटी, गुण महाग झाल्यावर, तो शांतपणे म्हणायचा, "नाही लागलं." असल्या माणसावर अविश्वास कोण दाखवणार?

आजही पहिला गुण त्याने असाच दान केला होता.

रूमेगा सात वेळा अंतिम सामन्यात त्याच्यासमोर उभा राहिला आणि सातही वेळा शेवटच्या गुणाला लेओंसचं "नाही लागलं" ऐकून गप्प बसला. दुसऱ्या क्रमांकाला भिंतीवरचं घड्याळ मिळायचं. घरात सात घड्याळं झाली होती. सातही वेगवेगळ्या वेळी वाजायची, त्यामुळे त्यांच्याकडे बारा वाजायला अर्धा तास लागायचा. "जिंकायचं नसेल तर निदान बरोबर वेळ दाखवणारं एखादं हरून आण," बायको म्हणायची.

कर्नलसाहेबांनी लेओंसकडे पाहिलं. डॉक्टर पूजोल बॅग घेऊन अर्धवट उठले होते.

"मस्यू बार्बरू, लागलं?"

लेओंसला आत काहीतरी गरम सरकल्यासारखं वाटलं. तेवढंच. समोर बारावं अजिंक्यपद होतं. त्याने काख दाबून धरली आणि हसला.

"नाही लागलं."

"संपलं तर मग," कर्नल म्हणाले. "पूजोल, बसा हो खाली. लेओंसचा शब्द आहे तो."

रूमेगाने हातातल्या मोडक्या पात्याकडे पाहिलं. चार बोटं लाल होतं. आता तोंड उघडलं तर अजिंक्यपद मिळालं असतं आणि माणूसही वाचला असता. पण मारणाऱ्याने बोलायचं नसतं. त्याने घाम पुसावा तसं पातं रुमालाने पुसलं, रुमाल जाकिटात खोचला आणि नवी तलवार मागवली.

"तुमची तब्येत बरी आहे ना?" त्याने मुखवट्याआडून विचारलं.

"तू आठव्या घड्याळाला जागा बघ," लेओंस म्हणाला.

मग रूमेगाने त्याला पळवलं. स्वतः वार केला नाही. नुसता मागे सरकायचा, बाजूला व्हायचा, पुन्हा मागे. लेओंस धावत होता, दर झेपेला काख उघडत होती. तीन मिनिटं हे चाललं. लेओंसचे ओठ त्याच्या जाकिटासारखे पांढरे झाले. "वय झालं आता," कुणीतरी मागून म्हणालं. "वय नाही रे, मुरलाय तो," शेजारच्याने उत्तर दिलं.

मग रूमेगाने तलवार जराशी खाली केली. लेओंसच्या तलवारीचं टोक त्याच्या छातीवर टेकलं न टेकलं, पंचांनी हात वर करायच्या आतच तो मोठ्याने म्हणाला, "लागलं."

छत उडेल एवढ्या टाळ्या पडल्या. लेओंस गुडघ्यावर बसला. प्रत्येक विजयानंतर तो असाच गुडघ्यावर बसून जमिनीचं चुंबन घ्यायचा, त्यामुळे लोकांनी टोप्या उडवल्या. या वेळी तो जरा जास्तच वाकला. बाकावर बसल्या बसल्याच डॉक्टर पूजोल यांची मान उंच झाली. मग ते उठले.

रीतीप्रमाणे रूमेगा हातमोजा काढून हात मिळवायला गेला. लेओंसने तो हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. जाकिटावर काखेत नाण्याएवढा डाग उमटला होता, बाकी सगळं रक्त आतच होतं. आवाज फुटेना. रूमेगाने कान त्याच्या ओठांजवळ नेला.

"लागलंय, आशील," लेओंस म्हणाला. "मघाशीच लागलंय. डॉक्टरांना बोलव."

"काय म्हणतायत आपले अजिंक्यवीर?" कर्नलसाहेबांनी खुर्चीतून विचारलं.

रूमेगाने हात अलगद सोडवून घेतला. सरळ उभा राहिला. बारा वर्षांत पहिल्यांदाच तो भर सभागृहात लेओंसच्या वतीने बोलला.

"म्हणतायत, नाही लागलं."

लेओंसचा शब्द म्हटल्यावर डॉक्टर पुन्हा खाली बसले.