बिघडली तर सांग

"बिघडली असेल तर तसं सांग," विष्णुपंत म्हणाले. "बाग विकू, मी शिरगावला येईन तुमच्याकडे."

वृंदाने पेला ओठांना लावला. सासरे तिच्या तोंडाकडेच बघत होते. अंबरनाथच्या केमिकल कारखान्यात जन्म काढून त्यांचं नाक गेलं होतं, आणि नाकापाठोपाठ चव. निवृत्त झाल्यावर रीतसर परवाना काढून त्यांनी खरवईच्या बागेतल्या जांभळांची वाइन सुरू केली. चव बघायची ती बायकोने, कुंदाताईंनी. त्या 'छान' म्हणाल्या की बाटल्या भरायच्या. टिकवण्याच्या औषधाचा थेंबही घालायचा नाही, हा विष्णुपंतांचा हट्ट.

शिमग्यात कुंदाताई गेल्या. दिवाळीला पाळी सुनेवर आली.

घोट घशाखाली उतरेना. निव्वळ आंबट. बायको गेल्यावर हा माणूस या बरण्यांच्या आधारानेच तर उभा होता. तिचा नवरा गुरुदत्त बागेसाठी एका बिल्डरशी बोलणी करून बसलाच होता. बाग गेली तर म्हातारा हाय खाईल.

खोटं बोलायचं तर रेटून बोलावं.

"छान उतरलीय, बाबा. आईंच्या वेळेसारखीच."

विष्णुपंत बाटल्या भरायला उठले.

कुंदाताई सगळा माल स्वतः उल्हासनगरला एका शेठच्या दुकानात नेऊन द्यायच्या. शेठ माल परत करणार, या धास्तीने वृंदा टेम्पोतून उतरली, आणि दुकान बघून चक्रावलीच. पापड, लोणची, मुरंबे. शेठने बूच काढून हुंगलं.

"वही माल. बेटी, तुझ्या सासूचा जामुनचा सिरका उल्हासनगर कॅम्पात फेमस आहे. डायबिटीसवाले विचारून विचारून डोकं खातात."

"सिरका? म्हणजे व्हिनेगर?"

"मग काय? पहिल्यापासून सिरकाच. ती बोलायची, घरी बोलू नका, साहेबांना वाइन वाटते."

वृंदा तिथल्याच पोत्यावर बसून रडली. नवऱ्याचं मन मोडू नये म्हणून त्या बाईने वर्षानुवर्षं तो घोट हसून गिळला होता. आता हे आपण करायचं, तिने मनाशी ठरवलं.

संध्याकाळी विष्णुपंत ओट्यावर वाट बघत बसले होते.

"घेतल्या?"

"सगळ्या. पुढच्या वर्षी जास्त करा म्हणालेत."

"पुढच्या वर्षी," विष्णुपंत म्हणाले. आणि गुडघे चोळू लागले.

"चहा टाकू, बाबा?"

"बस जरा. तुला म्हणून सांगतो, गुरुदत्तला बोलू नकोस. या जांभळांचा मला केव्हाच वीट आलाय. ती वेचा, ती तुडवा, त्या बरण्या राखा. गुडघे गेले माझे यात. दरवर्षी वाटायचं, यंदा कुंदा नाक मुरडेल आणि मी सुटेन." त्यांनी डोळे पुसले. "पण काय करणार? कुंदाचा जीव होता ना या वाइनवर."