आकड्यात न बसलेले आजारपण

पणजोबांनी सराफांचे तराजू घडवले, आजोबांनी औषधविक्रेत्यांचे, वडिलांनी प्रयोगशाळांचे. चौथ्या पिढीतला धाकटा मात्र सव्वीस दिवस अंथरुणातून उठला नव्हता. जे मोजता येत नाही ते नाहीच, असा त्या घराचा खाक्या. आईने त्रिकाळ थर्मामीटर लावून पाहिला होता. पारा कधी चढला नाही, तेव्हा तिने निकाल दिला होता, "तापबीप काही नाही. नुसतं सोंग आहे."

आज दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या रक्ताचा अहवाल तिच्यापुढे सरकवला. शरीरातला दाह दाखवणारा आकडा नेहमीच्या चौपट होता.

"नैराश्याच्या काही रुग्णांत असा दाह आढळतो. मेंदूतही तो असावा, असं संशोधकांना वाटतं. सगळ्यांत नसतो. आजारी मात्र सगळेच असतात."

आईने आकड्यावर बोट ठेवले. "म्हणजे हा खरोखर आजारी आहे! अरे, मग आधी नाही का सांगायचंस?"

"सांगत होतो की, आई." धाकट्याने इतक्या वेळात प्रथमच मान वर केली. "आणि आकडा चढलेला नसता, तर?"

आईने आकड्यावरचे बोट काढून घेतले. बावीस वर्षांपूर्वी त्याचे वडील असेच पडून राहिले होते. तिने त्यांना हाताला धरून कारखान्यात नेऊन बसवले होते आणि कारागिरांदेखत म्हटले होते, "घ्या, आले तुमचे कामचुकार मालक!" तेव्हा सगळे हसले होते.

धाकट्याला घरी निजवून ती तडक कारखान्यात गेली. डोळ्याला भिंग लावून त्याचे वडील कामात वाकले होते.

"सगळ्यांनी हात थांबवा," ती म्हणाली. हात थांबले; तिचा शब्द मोडण्याची तिथे कुणाची टाप नव्हती. "अहो, त्या साली तुम्ही आजारी होतात. मी तुम्हाला चारचौघांत कामचुकार म्हटलं. चारचौघांतच ते परत घेते. चूक माझी होती."

"अगं, आता कशाला ते? आणि मी आजारी होतो, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. माझ्याकडे पुरावा नाही, आणि मला तो नकोही आहे."

सर्वांत म्हातारा कारागीर स्टुलावरून उठून उभा राहिला. "वहिनी, तेव्हा मीही हसलो होतो. माफ करा, मालक."

मालकांनी भिंग उतरवले, आणि भर कामाच्या वेळी, आयुष्यात प्रथमच, खुर्चीला पाठ टेकली.