चांदीचे नियम

केतकी चौगुले चौथ्यांदा गोठ्यात धावली. चांदी म्हशीनं पुन्हा चुकीच्याच चौकोनाला नाक लावलं होतं आणि भिंतीवरचा गेमचा पडदा अडकून बसला होता.

माणसांसाठीचे गेम आता यंत्रंच बनवत, म्हणून तंत्रशाळेत अकरावीच्या मुलांना जनावरांसाठी गेम बनवायला शिकवत. प्रात्यक्षिकाची अट एकच होती. चाऱ्याचं आमिष न दाखवता जनावर आपणहून खेळलं पाहिजे.

“अगं, निळा चौकोन! काल बरोबर ओळखला होतास की,” केतकी रडकुंडीला येऊन म्हणाली. तिनं पडदा पुन्हा सुरू केला. ती गोठ्याच्या कुंपणाबाहेर येते न येते तोच चांदीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि मुद्दाम पिवळ्या चौकोनाला नाक लावलं.

परीक्षक घोरपडेबाई म्हणाल्या, “आता जाऊ नकोस. बघू काय करते.”

केतकी थांबली. चांदीनं थोडी वाट पाहिली. मग तिनं अडकलेल्या पडद्यावर आणखी दोनदा नाक आपटलं आणि केतकीकडे बघत कान टवकारले. केतकीनं एक पाऊल पुढं टाकताच ती शेपटी उडवत जागच्या जागी गोल फिरली.

“बाई, हिला निळा कळतोय,” केतकी चकित होऊन म्हणाली. “पण हिला मी धावायला हवीय.”

“मग हा गेम तुझा की तिचा? गुण कुणाला देऊ?”

“इतक्यात नका देऊ, बाई. हिचे नियम मला अजून पुरते कळले नाहीत.”

आणि केतकी चपला काढून कुंपणाच्या आत शिरली.